चिंतेचे ओझे कोणापाशी उतरवावे?

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे येणारा रस्ता ज्याने रात्रीच्या वेळी पाहिला असेल, त्यास मनुष्याच्या चिंतेचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. सोलापुरातून आणि सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून निघालेली माणसे अनवाणी पावलांनी बालाघाटाचा तो चढ चढत असतात. त्यांतील कोणाचे लेकरू दुखण्यातून उठलेले नसते, कोणाच्या मुलीचे लग्न जमता जमता मोडलेले असते, कोणाच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेला असतो, तर कोणाला काय होते आहे हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. नुसती छाती धडधडते आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. कल्लोळ तीर्थात स्नान करून, गोमुखाचे पाणी अंगावर घेऊन, आईच्या पायरीशी उभे राहून ही माणसे जे काही पुटपुटतात त्याचा आशय बहुधा एकच असतो: हे ओझे मला एकट्याला पेलत नाही.

अशा ह्या क्षेत्राच्या गावी बसून ख्रिस्ती श्रद्धेने चिंता व भय ह्यांचा परिहार कसा होतो, ह्या विषयावर लिहावयाचे म्हणजे शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याचा मान राखून आपल्या घरातील समईविषयी बोलण्यासारखे आहे, आणि ते तसेच बोलले पाहिजे. कोणाच्या श्रद्धेचे उणे काढून दुसऱ्याच्या श्रद्धेचे मोल वाढत नसते. शिवाय महाराष्ट्रात ह्या दोन वाटा आपण समजतो तितक्या दूर नाहीत. नवरात्रात देवीची पालखी ज्या बुऱ्हाणनगराहून तुळजापुरास येते, ते गाव अहमदनगर शहराच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगराच्या, अगदी लगत आहे. आणि त्याच शहरात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने आपले ठाणे घातले, तेथेच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघू लागला, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा तो विलक्षण संसारही बराच काळ तेथेच झाला. मराठी ख्रिस्ती माणसाने भयाशी कसा मुकाबला केला हे पाहावयाचे तर विलायती ग्रंथकारांकडे जाण्याचे प्रयोजन नाही. आपल्याच भाषेत, आपल्याच मातीत त्याचे दाखले आहेत.

आमचा हा मुलूख भयाला अनोळखी नाही. निजामाच्या अमदानीत नळदुर्ग व पुढे उस्मानाबाद ह्या नावाने ओळखला गेलेला, १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानाबरोबर भारतात आलेला हा जिल्हा मूळचाच अवर्षणाचा. पाऊस आला तर कधी एकदमच येतो आणि उभे पीक वाहून नेतो. नाही आला तर मृगापासून हस्तापर्यंत माणसे आभाळाकडे पाहत बसतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात अजून काही घरांत आहेत. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट! गणपतीचे विसर्जन करून माणसे निजली होती; चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांखाली गाडली गेली. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. ज्या घरांना तडाही गेला नव्हता त्या घरांतली माणसेसुद्धा त्यानंतर कित्येक महिने अंगणात, खळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. ज्या छपराखाली जन्म गेला त्या छपराचेच भय वाटावे, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला कोणी 'भिऊ नका' असे नुसते म्हणून उपयोग नसतो.

आणि बायबल तसे नुसते म्हणत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, आणि खेदाची गोष्ट ही की काही धर्मोपदेशकही ती वाढवीत असतात, की ज्याची श्रद्धा पक्की त्यास भय म्हणून वाटताच कामा नये व ज्यास भय वाटते त्याची श्रद्धा कच्ची. ही समजूत शास्त्राला धरून नाही, आणि दुखऱ्या मनाला तर ती क्रूर आहे. जुन्या करारात एलिया नावाचा जो महापराक्रमी संदेष्टा आहे, तो राणीच्या धमकीने गर्भगळित होऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तेथेच झोपी जातो. देवदूत येतो तो त्याला उपदेश करीत नाही, दटावीत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवून त्याला खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाशी संभाषण त्यानंतर पुष्कळ दिवसांनी होते. थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला आधी अन्न व झोप द्यावी आणि तत्त्वज्ञान मागाहून सांगावे, हा क्रम ज्या ग्रंथात आहे त्या ग्रंथाला मनुष्यस्वभाव कळत नव्हता असे कोण म्हणेल? दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे तर उघड उघड गाऱ्हाणी आहेत: शत्रू टपले आहेत, हाडे झिजली आहेत, रात्री अंथरूण आसवांनी भिजते आहे, आणि देवा, तू आहेस कोठे? भक्ताने हे सारे देवासमोर बोलावे, अशी ह्या परंपरेची अपेक्षा आहे. स्वतः येशू ख्रिस्ताने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत जो आकांत केला आणि आपले मित्र आपल्यासोबत जागे राहावेत अशी जी इच्छा व्यक्त केली, ती वाचल्यावर भय म्हणजे पाप असे म्हणण्याचे धाडस कोणा ख्रिस्ती माणसाला होऊ नये.

डोंगरावरील प्रवचनात उद्याच्या दिवसाची चिंता वाहू नये असे जे सांगितले आहे तेही ह्याच पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. ते प्रवचन ऐकणारे लोक रोमच्या अमलाखालील गालीलचे कोळी, मजूर व शेतकरी होते. त्यांच्या मानेवर सारा, जकात व कर्ज ह्यांचे जू होते, आणि उद्याच्या भाकरीची भ्रांत त्यांना खरोखरीची होती. अशा लोकांना आकाशातील पाखरांकडे व रानातील फुलांकडे पाहावयास सांगणारा गुरू त्यांना कष्ट सोडा असे सांगत नव्हता. पाखरेही दिवसभर चारा शोधीत असतातच. आजच्या कष्टावर उद्याच्या कष्टाचे व्याज आजच चढवू नका, कारण हिशेब ठेवणारा पिता निराळा आहे, असा त्या सांगण्याचा रोख आहे. पौल प्रेषिताने फिलिप्पै येथील मंडळीला चिंतेविषयी जे पत्र लिहिले ते कैदेतून. सुटका होईल की शिरच्छेद होईल हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. त्याने सांगितलेली रीत सरळ आहे: जे हवे ते नाव घेऊन देवाला सांगा, जे मिळाले आहे त्याचे आभार त्याच श्वासात माना, आणि मग मन चांगल्या विषयांकडे व हात चांगल्या कामाकडे वळवा. ह्या रीतीतील तिसरा भाग आपण बहुधा विसरतो. महाराष्ट्रातील ज्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी भयावर मात केली, त्यांच्या चरित्रांत तर तोच भाग सर्वांत ठळकपणे दिसतो.

नव्या श्रद्धेत आलेल्या मनाचे एक भय अगदी आरंभीच, गोव्यात, फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाच्या ध्यानात आले होते. १५७९ साली गोव्यास पोचलेल्या ह्या धर्मगुरूने साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची तळमळ पाहिली: जुनी पुराणे हातची गेली, नवी मिळाली नाहीत, आणि संकटाच्या रात्री गुणगुणावे असे स्वतःच्या भाषेत काही उरलेच नाही. १६१६ मध्ये छापून निघालेले जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' हे त्या पोकळीला दिलेले उत्तर होते. ओवी ओठांवर असली की अंधाराची धार बोथट होते, हे परदेशात जन्मलेल्या त्या माणसाने ओळखावे आणि आपल्या मराठीला त्यासाठी हाक घालावी, ह्याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदाचा व निर्मळ गद्याचा नमुना म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते पुस्तक भयाचा इतिहास म्हणूनही वाचण्यासारखे आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या घरी १८६८ साली जन्मलेल्या ह्या मुलीने पहिला अनुभव घेतला तो वडिलांच्या सोवळ्याचा. सासऱ्यांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर त्या गृहस्थांच्या मनाने असा धसका घेतला की जगातील प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटू लागली; धान्यच काय, मीठसुद्धा धुवून घेतल्यावाचून त्यांना चालेनासे झाले. मीठ पाण्यात धुतले की हातात काय उरणार? पण भय एकदा मनात घर करून बसले की ते असल्या हिशेबाला जुमानीत नाही, आणि मग सारे घर त्या एका माणसाच्या भयाची चाकरी करू लागते. लेकराबाळांचे हाल झाले, बायको झिजली, आणि इतके करून त्या बिचाऱ्याला शांती अशी लाभलीच नाही.

पुढे १८८० साली टिळकांशी विवाह झाला आणि भयाचे रूप पालटले. नवरा प्रतिभावान, प्रेमळ आणि तितकाच अस्थिर. आज ह्या गावी तर उद्या त्या गावी. हाती आलेला पैसा गरजू दिसला की त्याच्या पदरात टाकणारा. कच्चीबच्ची लेकरे हाती येऊन गेली. नागपूरहून राजनांदगावी जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, हा १८९३ चा प्रसंग प्रसिद्धच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीवर ही बातमी म्हणजे वीज कोसळण्यासारखीच होती. नवरा जिवंत आहे आणि तरी संसार संपला आहे, मुलगा पदरात आहे आणि त्याचा बाप परधर्मात आहे, माहेरी-सासरी कोणत्या तोंडाने राहावयाचे हे कळत नाही, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात व अन्यत्र आप्तांच्या आश्रयाने वर्षे काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तेव्हाही सोवळे सोडून परतल्या नाहीत. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भ्यालेल्या माणसाचा हात धरून त्याला ओढीत पैलतीरी नेता येत नाही. त्याच्या शेजारी उभे राहून वाट पाहावी लागते, आणि उतावळ्या स्वभावाच्या टिळकांनी ह्या एका बाबतीत ती पाहिली.

लक्ष्मीबाईंच्या मनातील गाठ सुटली ती कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने सुटली नाही. जात आणि विटाळ देवाने केलेले नाहीत, माणसाने केलेले आहेत, असे त्यांचे त्यांनाच विचाराअंती उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या घरी मीठ धुताना पाहिलेली ती मुलगी पुढे प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करावयास गेली. त्या काळी प्लेगच्या गाठी आलेल्या माणसाच्या वाऱ्यालाही सख्खे नातलग उभे राहत नसत; घरे ओस पडत, गावे रानात जाऊन राहत. ज्या घराण्याने स्पर्शाचे भय धर्म म्हणून जोपासले, त्याच घराण्यातील मुलगी जेथे स्पर्श खरोखरच प्राणघातक ठरू शकत होता तेथे आपण होऊन गेली. भय नाहीसे झाले होते काय? स्वतःच्या भित्रेपणाविषयी त्यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे की तसे म्हणवत नाही. परंतु त्या भयाचा अंमल संपला होता. हुकूम आता दुसऱ्या कोणाचा चालत होता.

पंडिता रमाबाईंची कथा ह्याहून कठोर आहे, आणि ती नीट सांगावयास हवी, कारण त्यांचे नाव घेतले की आपल्यापुढे सभा गाजविणारी, संस्कृत मुखोद्गत असणारी, कोणालाही न डगमगणारी विदुषी उभी राहते. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची ही कन्या १८५८ साली जन्मली आणि वडिलांच्या पुराणकथनाबरोबर तीर्थांतून हिंडत वाढली. मद्रास इलाख्यातील दुष्काळाने ह्या कुटुंबाला गाठले तेव्हा जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे विकून झाली होती. मोलमजुरी करण्याची सवय व तयारी कोणाला नव्हती. अखेर ही मंडळी मरण्याच्या निश्चयाने अरण्यात शिरली आणि झाडपाला व रानखजूर ह्यांवर कितीतरी दिवस जगली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, वडील बहीणही गेली. उरलेली बहीणभावंडे पायी चालत, कधी थंडीत वाळूत स्वतःला पुरून घेऊन, १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथे पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली, मान दिला. पण भाऊही गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी गेले, आणि कडेवर तान्ही मनोरमा उरली.

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इराद्याने इंग्लंडात गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठात उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची सोबतीण होती. परक्या मुलखात आपल्याला बळेच ख्रिस्ती करतील अशा भयाने त्या बाईच्या मनाने असा काही ताबा सोडला की तिने आत्मघात केला. ह्या घटनेचा रमाबाईंवर झालेला परिणाम मॅक्स म्युल्लर ह्यांनी लिहून ठेवला आहे. त्या ऑक्सफर्डला त्यांच्या घरी राहावयास आल्या तेव्हा त्यांच्या मज्जातंतूंना इतका धक्का बसला होता की रात्री एकट्याने झोपणे त्यांना अशक्य झाले. घरातील एका मोलकरणीला रोज त्यांच्या खोलीत निजावे लागे. ऐकू येणेही कमी झाले, आणि डॉक्टर होण्याचा संकल्प त्यामुळे सोडून द्यावा लागला. हजारांच्या सभेत निर्भयपणे बोलणारी ही बाई, दिवा मालवला की शेजारी कोणीतरी असावे म्हणून व्याकूळ होत होती. ज्या कोणा वाचकाला रात्रीच्या भयाची लाज वाटत असेल त्याने हे आठवावे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला; आणि बाप्तिस्म्याने हे सारे एका दिवसात पालटले असे मुळीच नाही. देवावरचा भरवसा आपल्या मनात स्थिरावयास पुढे कितीतरी वर्षे लागली, असे त्या स्वतःच सांगत.

हा भरवसा कसोटीला लागला तो दुष्काळातच. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केले जात असल्याच्या आरोपावरून गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. (त्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणे होते, असे मला वाटते, त्याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही.) त्यानंतर तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. ज्या बाईने स्वतःच्या आईबापांना भुकेने मरताना पाहिले होते, तिने खरे म्हणजे त्या वार्तेपासून तोंड फिरवावयास हवे होते. पाहिलेले भय पुन्हा पाहावयास कोण जाईल? त्या गेल्या. दुष्काळी मुलखातून, रस्त्यांतून, धर्मशाळांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेग व सरकारी निर्बंध असल्यामुळे ह्या सर्वांची सोय दौंडच्या बाजूस केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर करावी लागली, आणि तेच 'मुक्तिसदन'. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलींची भर पडून तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार तोंडांना दोन वेळा घालावयाचे म्हणजे काय ते आमच्या दुष्काळी जिल्ह्यातील कोणत्याही गृहिणीस विचारावे. कायमचा निधी नाही, राजाश्रय नाही. रमाबाई प्रार्थना करीत, आणि प्रार्थना करून उठल्या की विहिरी खोदवीत. विहीर, शेत, फळबाग, गोठा, माग, तेलघाणा, शाळा, छापखाना: मुक्तिसदनात प्रत्येक मुलीला हाताला काम होते, आंधळ्या मुलींनासुद्धा, मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन त्यांना वाचावयास शिकविले. ज्यांना घरच्यांनी टाकून दिले होते त्या बाया छापखान्यात खिळे जुळवीत, पुठ्ठे बांधीत. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर चालविले होते, त्याची छपाई ह्याच हातांनी होत होती. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. मला राहून राहून वाटते ते असे: ऑक्सफर्डला ज्या बाईच्या खोलीत दुसरे माणूस झोपवावे लागे, तिच्या अवतीभवती केडगावात दोन हजार भ्यालेली माणसे निर्धास्त झोपत होती. श्रद्धेने तिला अभेद्य केले नाही. मुलगी गेली, कान गेले, लोकापवाद आले. परंतु आपल्या भयाच्या जागीच आपले काम आहे हे श्रद्धेने तिला दाखविले, आणि त्या कामात ती एकटी उरली नाही.

मराठवाड्यातही अशी एक वस्ती उभी राहिली होती. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, परत जातीत घ्यावे की नाही ह्यावरून झालेला वाद बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रात आपण वाचतोच. ह्या नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्या कारकिर्दीत सरकारातून जमीन मिळवून 'बेथेल' नावाचे गाव वसविले आणि गावकुसाबाहेरच्या, मुख्यतः मांग समाजातील, कुटुंबांना तेथे घर व रान दिले. पाटलाची, सावकाराची व विटाळाच्या शिक्षेची धास्ती ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्या भयाला स्वतःच्या नावाची जमीन हे उत्तर होते, आणि शेषाद्रींना ते कळले होते. भय पुष्कळदा अन्यायातून जन्मते. अशा भयाला केवळ प्रार्थना सांगणे म्हणजे अर्धेच औषध देणे होय.

औषधाचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट बोलून टाकावा. प्रार्थनेने रोग बरा होतो तेव्हा गोळ्या बंद करा, असे सांगणारे लोक आज गावोगाव भेटतात व त्यांच्या नादाने कित्येक घरे उद्ध्वस्त होतात. मराठी ख्रिस्ती परंपरेचा तो मार्ग नव्हे. डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभे केले आणि तीनच वर्षांत वैद्यकशिक्षणाची शाळा काढली. मिशनच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होई आणि त्यानंतर शस्त्रही चाले. देव व वैद्य ह्यांत तंटा आहे असे तेथे कोणी मानीत नसे. चिंता जेव्हा झोप, भूक व कामधंदा गिळून टाकते, मरणाचे विचार मनात घोळू लागतात, तेव्हा तो आजार आहे, आणि त्याला डॉक्टर हवा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरविला की मराठीतूनही बोलता येते आणि त्यास पैसे पडत नाहीत. ज्या शेतकऱ्याच्या गळ्याशी कर्ज आले आहे त्याच्या घरच्यांनी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेमके घडते काय? बाहेरच्या माणसास वाटते तितके ते गूढ नाही. उपासनेत एका ठिकाणी आजाऱ्यांची, शोकग्रस्तांची, नोकरी गेलेल्यांची नावे मोठ्याने घेतली जातात. आपले गुपित दुःख आपल्याच कानांनी चारचौघांत उच्चारलेले ऐकणे, आणि त्यावर साऱ्यांनी मिळून 'आमेन' म्हणणे, ह्यात एक विलक्षण बळ आहे. काळजी घरात कोंडून ठेवली की ती कुजते. मग टिळकांचा एखादा अभंग पेटी-तबल्यावर सुरू होतो. पाश्चात्त्य चालींतील गीते गाता गाता मराठी ख्रिस्ती माणसाचे मन परके होत चालले होते, ते टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या छंदात परत आणून बसविले. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा आईच्या रूपानेही येतो, आणि भ्यालेल्या लेकराने आईला बिलगावे तसे भक्ताने त्याला बिलगावे, ही भावना तुळजापुरात राहणाऱ्या कोणालाही परकी वाटू नये. उपासना संपली की कोणी आजाऱ्याच्या घरी डबा पोचवितो, कोणी दवाखान्यात रात्रीच्या पाळीला बसतो. ह्या साध्या रिवाजांवाचून नुसत्या वचनांचा पाठ केला, तर श्रद्धा कोरडी राहते असे माझे मत आहे.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस जे. जे. रुग्णालयात निवर्तले, तेव्हा त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांपाशीच थांबले होते. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. लिहिणे-वाचणे लग्नानंतर नवऱ्याकडून जेमतेम शिकलेल्या. पुढे मुलाच्या संसाराबरोबर पार कराचीपर्यंत जाऊन राहिलेल्या. एवढ्या मोठ्या कवीचे काव्य आपण कसे हाती घ्यावे, लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यांना वाटली नसेल असे नाही. त्यांनी लेखणी घेतली आणि एकामागून एक साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या; १९३८ साली 'ख्रिस्तायन' छापून बाहेर पडले, आणि त्यातील बहुतेक सारी रचना त्यांच्या हातची आहे.